पांढरी पूड

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. नागपुरात केलेली रसायनशास्त्रातली एमएस्सी गंजून जाऊ नये म्हणून मी एक जुना मायक्रोस्कोप घेतला आणि स्फटिकांचे फोटो काढायला लागले. द्रावणाचा थेंब काचेवर सुकवायचा, त्याच्या खाली एक आणि वर एक असे पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या काचा, आडव्या-उभ्या लावायच्या; मधे स्फटिक नसेल तर सगळं काळं दिसतं. स्फटिक असले की त्याच पांढऱ्या कणांतून निळे, केशरी रंग फुटतात.

एका सकाळी सिंक दुरुस्त करायला अपार्टमेंटचा माणूस आला. टेबलावर हॉटप्लेट होती, शेजारी पांढऱ्या पुडींच्या आठ-दहा बरण्या, त्यांवर माझ्या अक्षरातल्या मराठी चिठ्ठ्या. एरवी गप्पा मारणारा तो माणूस बरण्यांकडे वळून वळून बघत घाईने निघून गेला. तासाभरात मॅनेजरबाई दारात आल्या. सोबत गणवेशातली एक पोलीस अधिकारी होती.

तिने शांतपणे विचारलं, इथे काय बनवता? मी म्हणाले, फोटो. ते किती खोटं वाटतंय हे बोलतानाच कळलं. आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं. नवऱ्याला फोन करायला वळले, तर तिने मला हात टेबलावर ठेवायला सांगितलं.

मी जुन्या स्लाइड दाखवल्या. तिचं समाधान झालं नाही. तिने एका बरणीवर बोट ठेवलं.

"याची करून दाखवा. माझ्यासमोर."

ती व्हिटॅमिन सीची पूड होती. पाण्यात आणि थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवली, थेंब काचेवर पसरला, हॉटप्लेटवर सुकवला. मायक्रोस्कोपखाली ठेवून फिल्टर फिरवला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता काळोख. पाच मिनिटं गेली, तरी काही नाही. थेंब चिकट होऊन बसला होता, स्फटिक धरतच नव्हता. मॅनेजरबाईंनी तिच्याकडे पाहिलेलं मला दिसलं.

मग आठवलं. सुई घेतली आणि थेंबाच्या कडेला ओरखडा काढला.

त्या रेघेतून एक पिवळी काडी निघाली, मग दुसरी, आणि बघता बघता पंख्यासारखा निळा-जांभळा पसारा काळोखात सरकू लागला. अधिकारी वाकून पाहत राहिली.

"सर्दी झाली की घेतो, तेच हे?"

"तेच," मी म्हणाले.

तिने प्रत्येक बरणीचं नाव लिहून घेतलं आणि गेली. मॅनेजरबाईंनी मात्र यापुढे घरात हॉटप्लेट वापरायची नाही, असं बजावलं.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ग्रीन कार्ड होईपर्यंत पॅक करून ठेवू या, प्लीज." त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून मी भांडले नाही. पण पॅकही केलं नाही. मराठी चिठ्ठ्या काढून इंग्रजी लावल्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता थेंब खिडकीतल्या उन्हात सुकवते. अर्धा दिवस जातो, आणि दारावर टकटक झाली की अजूनही माझे हात आपोआप टेबलावर येतात.