कुकडी नावाचा जपानी बँड

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. एकदा नाही, एका दिवसात नाही. कित्येक वर्षं, माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत, हसतमुखानं फसवलं. उभ्या जुन्नर-आंबेगावात मला गंडवणारा अजून जन्माला यायचा आहे, असं मी बेल्ह्याच्या बैलबाजारात चारचौघांत सांगत असे, आणि कुणी हसत नसे. दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढण्यापासून सुरुवात करून बैलांचा हेडी, म्हणजे दलाल, झालेला मी. बैलाचं तोंड न उघडता त्याचं वय सांगतो, आणि मालकानं तोंड न उघडता त्याची नड. अशा मला कुणी फसवावं? तर गाय कोणती आणि कालवड कोणती हे ज्याला अजून विचारावं लागतं, त्या माणसानं.

व्याही म्हणजे माझ्या थोरल्या मुलीचे, शीतलचे सासरे. राहणार घोडेगाव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चाकणच्या एका कारखान्यात जपानी साहेब आणि आपले कामगार यांच्या मधे उभं राहून काढली. तिकडचं इकडं सांगायचं, इकडचं तिकडं. त्या नोकरीनं त्यांना दोन सवयी लावल्या. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहायचं, ही पहिली. ही आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला नव्हती. आणि भेटेल त्याला कमरेत वाकायचं, ही दुसरी. पहिल्यांदा माझ्या गोठ्यात आले तेव्हा खिलार बैलापुढंही वाकले. बैल फुरफुरला, तर आणखी खाली वाकले. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, "पावणं, नाराज दिसले."

लग्नाच्या बैठकीत मी रीतसर चौकशी केली होती. बाई, बाटली, पत्ते यातलं काही आहे का? नाही म्हणाले. मग नाद कशाचा? "गाणी मोजतो," म्हणाले. मला वाटलं, देवळात भजनाला टाळ धरत असतील. मग मी माझी एकच अट सांगितली. शीतलला लहानपणापासून वाजवण्याची खोड. दुधाच्या किटल्या बडवून तिनं पोचे पाडले होते, कॉलेजात गेल्यावर मैत्रिणी जमवून बँजो पार्टी काढायला निघाली होती. आमच्यात मिरवणुकीला पुरुष वाजवतात आणि बाया ओवाळतात; ही रीत मी काढलेली नाही. मी ती पार्टी बंद पाडली, आणि व्याह्यांना सांगितलं की सासरी हा नाद तुम्ही सोडवा. व्याह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कमरेत वाकले. बाजारात मान खाली गेली की सौदा पक्का. मी सुपारी फोडली.

गाणी मोजणं म्हणजे काय, ते लग्नानंतर उलगडलं. एक जपानी साहेब मायदेशी परत जाताना खोकंभर सीड्या व्याह्यांना देऊन गेला होता. सगळे बँड पोरींचे. गिटार पोरींच्या हातात, ड्रम पोरींपुढं, गाणं लिहिणाऱ्याही पोरीच. निवृत्त झाल्यावर लोक बागेला पाणी घालतात, नातवाला खेळवतात. व्याह्यांनी त्या सगळ्या गाण्यांचे शब्द उतरवून कॉम्प्युटरात घातले आणि कोणत्या बँडच्या गाण्यात कोणता शब्द किती येतो, कुणाच्या शेजारी येतो, हे काढत बसले. जपानी लिहिताना दोन शब्दांत जागा सोडत नाहीत म्हणे. सगळी जनावरं एका दाव्याला. आधी ती सोडवून वेगळी करायची, मग बिनकामाची हाकलायची, आणि उरलेल्यांकडं बघायचं. मंचरच्या बाजारात भाजी घ्यायला पाठवलं तर हा माणूस भाजीवालीच्या आरोळीतले शब्द मोजून रिकामी पिशवी घेऊन घरी येई. सत्यनारायणाला सगळे प्रसादाची वाट बघत, हे गुरुजींना विचारत, "साधूवाण्याच्या गोष्टीत बायको जास्त वेळा बोलते की नवरा?" एकदा मी ओट्यावर भावकीशी कडाकडा भांडत होतो. भांडण संपलं, भावकी गेली, आणि कोपऱ्यातून व्याही अदबीनं म्हणाले की तुमच्या बोलण्यात 'लोक' हा शब्द फार येतो, 'मला' जवळजवळ येतच नाही. मी त्यांना चहा दिला नाही त्या दिवशी.

पण खरं सांगायचं तर मी त्यात ओढला गेलो. शीतलची आई गेल्यापासून घर मोठं झालं होतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, घसा बसलेला असताना, व्याही एसटीनं यायचे आणि लॅपटॉप उघडायचे. मला जपानी नावं लक्षात राहिनात, म्हणून त्यांनी बँडना आपल्याकडची नावं दिली. ज्यांच्या गाण्यात सारखा वारा, ढग आणि ओरडा, तो बँड घाटघर. ज्या पोरी हळू सुरुवात करून पायरी पायरीनं वर चढत जातात, तो लेण्याद्री. धुकं, झाडी आणि कुणीतरी हरवलेलं, तो भीमाशंकर. चौथीच्या पुढं शाळा न पाहिलेल्या माणसाला ते विचारायचे, "पावणं, तुमाला काय वाटतं?" मला आयुष्यात बैलांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा सांगितलं की 'प्रेम' हा शब्द सगळ्याच बँडमध्ये आहे, म्हणून त्यावरून काही कळत नाही. मी म्हणालो, बरोबर आहे; शिंगं सगळ्याच बैलांना असतात, शिंगं आहेत म्हणून कोण भाव देतो? जे याच बैलात आहे आणि बाकी बाजारात नाही, ते बघायचं. व्याही उठून उभे राहिले आणि माझ्यापुढं वाकले. एखादा शब्द कुणाच्या जोडीनं चालतो, हेही मला समजावून सांगावं लागलं नाही. जोडी बघणं हा माझा धंदाच आहे. 'हात' घ्या. घाटघरच्या गाण्यात हात सुटतो. लेण्याद्रीत हात धरला जातो. भीमाशंकरात हात खिशात असतो. एकच शब्द, पण जुंपला कुणाबरोबर, त्यावर चाल.

मग एके दिवशी त्यांनी चौथा बँड आणला. नाव ठेवलं कुकडी, आमच्या नदीचं. नवा आहे, म्हणाले, गाणी थोडीच आहेत, पण इथं हाताची जोडी निराळी आहे. मी विचारलं, कुणाशी? ते म्हणाले, "बापाशी. आणि जवळपास कापड येतं. आणि गर्दी."

मी बराच वेळ विचार केला. बैल पारखताना करतो तसाच, डोळे मिटून. मग सांगितलं की हिचा बाप कापडाचा व्यापारी असणार. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, बाप कापड फाडतोय, पोरगी कोपऱ्यात बसून त्याचे हात बघतेय. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

त्यानंतर कुकडीचं काही नवं आलं की आधी माझ्याकडं यायचं. या पोरींनी हे गाणं ठेवावं का, ते बदलावं का, असं ते मला विचारायचे, जसं काही जपानात माझ्या शब्दावाचून अडलंय. मीही सांगायचो. बापाची जोडी मोडू नका म्हणावं, ही जोडी बाकी बाजारात कुठं नाही. एकदा मी सहज विचारलं की तो कापडवाला पोरीचं गाणं ऐकायला जातो का? व्याही म्हणाले, नाही, त्याला आवडत नाही. तोवर मला त्या माणसाचा हेवा वाटायचा; आता माझं डोकंच फिरलं. "असला कसला बाप म्हणायचा राव? पोरगी त्याच्या हातावर गानी करती, अन् ह्याला दुकान सोडवंना? सांगा त्याला, म्हनावं बेल्ह्याचा एक हेडी बोललाय." सांगतो, असं व्याही म्हणाले.

गेल्या यात्रेला गावानं वाजंत्री ठरवायचं काम माझ्यावर टाकलं, कारण घासाघीस माझ्याइतकी कुणाला जमत नाही. नेमकी नेहमीची पार्टी दुसरीकडं गुंतली. आणि त्या आठवड्यात बैलांना भिणारा माझा व्याही चिखल तुडवत बाजारात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आंबेगावच्या बाजूची एक पार्टी आहे, म्हणाला, मी मध्यस्थ. मी विचारलं, कुणाची? तर म्हणाला, "दलालानं दलालाला मालक इचारायची रीत हाय का पावणं?" नाही, तशी रीत नाही. उपरण्याखाली हात जातात, बोटं बोलतात, तोंडं गप्प. सौदा ठरला की मग मालक पुढं येतो, आणि तो बापाचा मारेकरी निघाला तरी ठरलेलं फिरवायचं नाही. मी आयुष्यात कधी फिरवलेलं नाही. माझं नाव उभं आहे ते तेवढ्यावरच. मी उपरणं पसरलं. व्याह्यांची बोटं लोण्यासारखी. इतकी पिळली मी, की शेवटी बघ्यांनाच त्यांची दया आली. चेहरा पाडून गेले. मी सगळ्यांना चहा पाजला.

यात्रेच्या संध्याकाळी पालखी निघायच्या आधी टेम्पो आला. त्यातून बाया उतरल्या. नुसत्या बाया. एकीनं गिटार काढली, एकीनं कीबोर्ड मांडला, आणि ड्रमच्या मागं जाऊन बसली ती माझी शीतल. अंगात जाकीट, पदर खोचलेला, समोर माइक. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं, आणि मग हळूहळू माझ्याकडं बघायला लागलं. मी माइकची वायर उपटायला निघालो. आणखी दोन पावलं टाकली असती तर वायर हातात होती. तेवढ्यात व्याही आडवे आले. मी त्यांना म्हणालो की लग्नाच्या बैठकीत तुम्ही वाकला होता, कबूल केलं होतं.

"वाकलो म्हंजे नीट ऐकलं, एवढंच," ते म्हणाले. "कबूल आपन उपरन्याखाली केलंय. तुमी अन् मी. आता फिरवायचं आसंल तर फिरवा पावणं, मी आडवनार न्हाई."

शीतल काठ्या हातात धरून थांबली होती. माझ्याकडं बघत होती. लहानपणी किटली बडवताना दारात मी दिसलो की जशी थांबायची, अगदी तशी.

मी तिथंच, पहिल्या ओळीत, मातीत बसलो. माझ्यामागं गाव बसलं.

पहिलंच गाणं एका लहान मुलीचं. बाजाराच्या गर्दीत ती बापाच्या खांद्यावर बसली आहे. बाप कुणाशी काही बोलत नाही, नुसता हात पुढं करतो, त्यावर कापड पडतं आणि हात दिसेनासा होतो. मुलीला वाटतं, हात गेला. ती कापडाकडं बघत राहते, आणि मग हात बाहेर येतो आणि सरळ तिच्या पायाला धरतो, पडू नये म्हणून. मी तिला बाजारात न्यायचो, हे मला आठवत होतं. ती काय बघत होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. शीतलचा ड्रम कानात धडधडत होता आणि मला एकाएकी तो जपानी कापडवाला दिसला. त्याचं दुकान, त्याची गिऱ्हाइकं, आणि मान वळवून बघतो तर त्याचं तोंड माझंच.

नंतर शीतलनं सांगितलं की प्रत्येक गाण्याच्या वेळी मामंजी येऊन तिला म्हणायचे, आप्पांनी ऐकलंय, जोडी मोडू नको म्हणालेत. तिला वाटायचं, मी राग गिळून मागून पाठबळ देतोय. म्हणजे या माणसानं एका वेळी दोघांना फसवलं. दुभाषी शेवटी, तिकडचं इकडं, इकडचं तिकडं, आणि मधलं स्वतःचं. पण त्यानं माझ्या पोरीला बैठकीची खोली दिली, ड्रम मांडून दिला, शेजाऱ्यांच्या शिव्या वाकून वाकून घेतल्या. बापानं करायचं ते सगळं त्यानं केलं आणि त्यावर नाव माझं घातलं. असलं नातं मी बाजारात कितीही हिंडलो असतो तरी मला मिळालं नसतं.

आता शीतलच्या कुकडीला गावोगावची बोलावणी असतात. मी जातो, पुढंच बसतो. व्याह्यांचे गुडघे दुखतात, ते ओट्यावर पूर्वीसारखे येत नाहीत. परवा मीच घोडेगावला गेलो, तर म्हणाले, कुकडीचं तुम्हाला आता काय दाखवायचं, तुम्ही स्वतःच ऐकता. मग आम्ही दोघं बराच वेळ घाटघर ऐकत बसलो. तो वाऱ्याचा बँड. हात सुटतो, तो.

पण माझी तक्रार मिटलेली नाही, आणि ती मी सगळ्यांसमोर मांडतो. मी इतकी वर्षं त्या जपानातल्या कापडवाल्याचा हेवा करत बसलो. माझ्या पोरीची गाणी घोडेगावच्या बैठकीच्या खोलीत वाजत होती, आणि मी माझ्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या पोरीला शाबासकी देत होतो. ती न ऐकलेली गाणी मला कोण आणून देणार? व्याही, वाकू नका. सरळ बसा, आणि उत्तर द्या.