वहिनींचा खताचा खड्डा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. वहिनींची आठवण निघाली की विषय बदलत आलो. पण त्यांच्याबद्दल बोलायचं तर खरंच बोलायला हवं.

पिठाच्या डब्याला टेकवलेली पुस्तिका आणि तिचं पान कोपराने उलटणाऱ्या वहिनी, हे धंतोलीत आमच्या शेजारचं रोजचं दृश्य. हात कणकेत, डोळे धड्यात. नवरा गिरणीत पाळीवर, आणि त्या घरून लोकांना जेवणाचे डबे द्यायच्या. त्यातच पोस्टाने येणारा एक अभ्यासक्रम त्यांनी लावून घेतला होता. माती, पाणी, खत. जमिनीकडून घेतलेलं तिला परत कसं द्यायचं. सत्तरच्या दशकात हे कोण शिकत होतं, सांगा! धडे आपापल्या सवडीने पुरे करायचे.

"वहिनी, अजून तिसराच धडा?" मी चिडवायचो.

"धडा पळून जाते काय गा भाऊजी? पोळी मात्र जळते."

शिकलेलं लगेच आमच्यावर लागू व्हायचं. आईने भाजी धुतलेलं पाणी मोरीत ओतलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काकू, काहून सांडता? लिंबाले द्या ना!" आमचं लिंबाचं झाड त्या पाण्यावर जगलं. उन्हाळाभर सगळी गल्ली त्याचं सरबत प्यायची.

शेवटचा धडा हातांनी करायचा होता. सामायिक परसातल्या खड्ड्यात खत तयार करायचं, अभ्यासक्रमाचे मास्तर येऊन तपासणार. पास झाल्या तर महिला मंडळात बागकाम शिकवायची जागा त्यांना मिळणार होती. डब्यांतून सुटका.

नेमकं तेव्हाच माझ्या बहिणीला पाहायला मंडळी येणार होती. मला त्या खड्ड्याची लाज वाटली. सकाळी परसात फिनेल शिंपडताना उरलेली अख्खी बाटली मी खड्ड्यात ओतली. परस सगळंच फिनेलने घमघमत होतं, कुणाला शंका आली नाही. आत आलो, तर वहिनी आमच्याच चुलीपुढे बसून पाहुण्यांसाठी कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळत होत्या.

"बसा भाऊजी, पयली तुम्हीच चाखा."

लग्न त्याच दिवशी ठरलं. पाहुणे वड्यांचंच कौतुक करत गेले.

खत काही झालं नाही. मास्तरांनी नापास केलं, जागा दुसरीला गेली. वहिनी कुणावर रागावल्या नाहीत. "माझंच कुठं तरी चुकलं," म्हणाल्या आणि पुस्तिका पुन्हा डब्याला टेकवली.

पुढे नवऱ्याचं काम सुटलं आणि ते गावी निघाले. सांगायचं वाक्य मनात जुळवून मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीतून त्यांनीच विचारलं, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. त्या खड्ड्यात काय चुकलं असन?"

"पाणी जास्त झालं असेल, वहिनी."

"हो ना! मीही तेच म्हणून राहिली होती."

बस सुटली.

बहीण त्यांच्याच गावाजवळ दिलेली, नंतरचं तिच्याकडून कळत गेलं. गावातल्या बायकांना त्या खत करायला शिकवायच्या, आणि प्रत्येकीला बजावायच्या, "पाणी बेतानं टाक वं. आमच्या भाऊजीनं सांगतलं हाय." त्या गेल्याचंही बहिणीनेच कळवलं.

वहिनी, पाणी बेताचंच होतं.