हातभर अंतरावरची भिंगरी

‘लहान मुलं रडायचीच’ हे वाक्य अख्ख्या रत्नागिरीत एकाच माणसासमोर उच्चारायची सोय नव्हती, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. हा भूल देणारा डॉक्टर. जन्मभर लोकांना निजवलं, पण स्वतः कुणापुढे गप्प बसला नाही. मूतखड्याचं ऑपरेशन झालेलं पोर कळवळलं की मोठे सर्जन म्हणत, “घाबरलंय ते.” हा ताडकन, “दुखतंय त्याला! तुमच्या कुशीत चीर देऊन बघू?” सन दोन हजारच्या आसपास मुलांची कूस बधिर करायला तो दोन तऱ्हेची इंजेक्शनं देई, एक माकडहाडाशी, दुसरं बरगड्यांपाशी कण्यालगत. कुठलं जास्त वेळ टिकतं हे ठरवायला त्याने दोनशेपानी वही घातली होती, आणि मोजमाप काय, तर माडाच्या पातीची भिंगरी! शुद्धीवर आलेल्या पोराच्या चिरलेल्या बाजूला ती हातभर लांब धरायची. हात सरळ आला तर दुखत नाही, अर्ध्यात थबकला तर दुखतंय. “तोंड खोटं बोलतं, हात नाही,” म्हणायचा. एकदा पाठदुखीचं रडगाणं गाणाऱ्या काकांसमोरची सोलकढी त्याने पंगतीत लांब सरकवली. काकांनी झेप घेतली. “पाठ बरी आहे,” याने जाहीर केलं.

मग माझ्याच सात वर्षांच्या मुलीला खडा निघाला. “भावोजी, हिला बरगडीजवळचं देतो. वही सांगते, ते जास्त टिकतं.” सर्जन म्हणाले, “भाचीवर कशाला? नेहमीचं माकडहाडाचं द्या की.” “भाची आहे म्हणूनच!” मी सही केली, ती आजही मला माझी वाटत नाही.

दुपारी ती जागी झाली. याने भिंगरी धरली. हात हलेना. पुन्हा धरली. दारात सर्जन उभे. आयुष्यभर ओरडलेला माणूस स्टुलावर मटकन बसला आणि वहीसाठी पेन्सिल शोधू लागला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत पोरगी म्हणाली, “बाबा, घेऊ?”

विचारल्याशिवाय सख्ख्या मामाकडूनही काही घ्यायचं नाही, ही माझी शिस्त नातेवाइकांत प्रसिद्ध होती. म्हणजे मीच ती प्रसिद्ध केली होती. मी कशीबशी मान हलवली. हात सरळ भिंगरीपर्यंत गेला.

“भावोजी, काय हे तुमचं वळण!” वॉर्ड दणाणला. सर्जन पुटपुटले, “एका मुलावरून काय सिद्ध होतं?” “म्हणून तर वही घातल्ये!” त्या पानावर त्याने लिहिलं: ‘हात पुढे आला. उशीर बापामुळे.’

आता तो वेळणेश्वरला असतो. खांदा धरलाय, पण कबूल करायचा नाही. परवा मुलीने भिंगरी वळून त्याच्यासमोर हातभर लांब धरली. त्याचा हात अर्ध्यात थबकला. आमच्या तिघांच्याही ते लक्षात आलं. मग त्याने ऐटीत माझ्याकडे मान वळवली.

“भावोजी, घेऊ?”