भरलेला तांब्या
डेटॉलचा वास आला की मला तीस वर्षांपूर्वीचा राहुरीचा दवाखाना आठवतो. सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं, पोटावर टाका नव्हता. "भरपूर पाणी प्या, उठून हिंडा, चार दिवसांत घरी जाल," डॉक्टर म्हणाले होते. नवरा कारखान्यात पाळीवर, म्हणून त्यांच्यापाशी मी होते. मी तांब्या भरून ठेवायचे, थोड्या वेळाने तो रिकामा दिसायचा, मला बरं वाटायचं. पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी मात्र भरत नव्हती, आणि तिच्यातला लाल रंग दाट होत चालला होता. तिसऱ्या दिवशी गुठळीने नळी तुंबली आणि कधी हूं न करणारा माणूस कळवळून ओरडला. नर्सने नळी मोकळी केली, तेव्हा मला खिडकीखालची ओली माती दिसली. "मामा, पानी का वतून दिलं?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "सुनंनं माझी पिशवी रिकामी करायची व्हय? त्यापरीस तहान बरी." चार दिवसांचे बारा झाले. ते बरे झाले, पण माझ्या हातचं पाणी त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही. आता खुब्याचं हाड मोडून मी पडून आहे. काल सुनेने माझं बेडपॅन डेटॉलने धुऊन पलंगाखाली सरकवलं आणि उशाशी भरलेला तांब्या ठेवला. ती खोलीबाहेर गेली, तशी मी हात लांबवून खिडकीची कडी काढली.