वायरमनमामा आणि माझं वायफाय

वायरमनमामा दुसऱ्याच्या कीबोर्डला कधी बोट लावत नसत. हात पाठीमागे बांधून शेजारी उभे राहायचे आणि कमांडचं एकेक अक्षर सांगायचे. "सुडो लिव. आता एक जागा सोड. घाई कित्याक गो? चुकलंस तर मी आसंय."

खाण बंद पडली आणि त्यांची वायरमनची नोकरी गेली. मग इब्रामपूरच्या घरी बसून ते लोकांचे जुने लॅपटॉप दुरुस्त करू लागले आणि प्रत्येकात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घालू लागले. माझाही त्यांतलाच. त्यावर मी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. लॅपटॉप झकास, पण वायफाय महाखट्याळ! ते चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नेटवरून उतरवायचा, आणि वायफायशिवाय नेट नाही. आता बोला! मामांनी फोन केबलने जोडला, फोनचं नेट लॅपटॉपला दिलं आणि तासभर खपून माझ्याकडून ड्रायव्हर बसवून घेतला. वायफाय लागलं तेव्हा माझ्यापेक्षा तेच खूश. "बघ, तुज्याच हातान झाला!"

मोठं अपडेट घेतलं की हा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो, एवढं शिकून घे, असं त्यांनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि शिकले नाही. कशाला शिकायचं? मामा होतेच ना! "माका करूक धा मिनटां पुरत. पण मी नसलंय तर?" असं ते म्हणायचे, आणि मी हसून विषय बदलायची. इतकी कशी मी कोडगी!

गेल्या गणेशचवथीआधी घराची साफसफाई काढली. गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची जागा धुतली, समया घासल्या, आणि त्याच झपाट्यात लॅपटॉपही स्वच्छ करावा म्हणून सगळी अपडेटं घेऊन टाकली. वायफाय गुल! संध्याकाळी शिकवणी. मामांना फोन लावला. ते म्हणाले, "फोनार सांगतंय, लिव." मी कसली ऐकते! "मला नाही जमत मामा, तुम्हीच या."

आले. पायरीवरच टेकले, दोनदा पाणी मागितलं. पाणी देऊन मी परत स्वयंपाकघरात, नेवऱ्या तळायला. लॅपटॉपच्या खोलीतून हाक आली, "बाय, ये गो. पयली ओळ तूच मार." मी तिथूनच ओरडले, "तुम्हीच करा हो, तेल तापलंय!" मग कीबोर्डची टकटक सुरू झाली. खरं सांगते, मला बरंच वाटलं, काम लवकर उरकेल म्हणून. जाताना "झाला गो" म्हणाले. मी कढईसमोरूनच "देव बरे करो" म्हणत आभार मानले.

आठवड्याभरात मामा गेले. हृदयाचं दुखणं होतं, मला पत्ताच नव्हता. त्यांच्या घरी गेले तेव्हा मामी माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरान घराभायर पडूचा नाय म्हणान सांगितलेला. पण ह्येनी ऐकूक नाय. म्हणाले, आज तिका जमतला, मी नुसतो बाजूक उभो रवतलंय. जमला मा गो तुका?"

मी हो म्हटलं.