मोहोळकडच्या त्या बाई

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मैत्रिणींपाशी नाही, घरी तर नाहीच. तुला सांगायचं ठरवलं आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही — म्हणून जे मला मनापासून आवडतं तिथून करते.

माणसं कशी बोलतात ते ऐकायला मला आवडतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आम्ही मूळचे मोहोळ तालुक्यातले, आता जिल्ह्याच्या शहरात, भवानी पेठेत दोन खोल्यांत राहतो. आई टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते आणि पॅकिंग करते. तिच्या बरोबरीच्या बऱ्याच बायका घरी तेलुगू बोलतात. त्यांच्याशी बोलताना आई वाक्यं इतकी आखूड करते की क्रियापद जवळजवळ गळूनच पडतं. मालकांशी तिचं बोलणं वेगळं. गावाकडून फोन आला की आणखीच वेगळं, मोठ्यानं आणि भरभर. हे तिला कुणी शिकवलं?

आणि माझं? मी कॉलेजात 'आहे' म्हणते, घरी 'हाय'. मध्ये ते नेमकं कुठं बदलतं हे पाहायला एकदा मी स्वतःवरच पाळत ठेवली. बसथांब्यावर 'आहे'. बोळाच्या तोंडाशीही 'आहे'. जिन्यात शेजारणीनं विचारलं, जेवलीस का गं, तर मी म्हणाले, "न्हाय अजून." मी काही ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं. गंमत वाटते की नाही?

— बघ, मी लांबण लावते आहे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला भाषाविज्ञान शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की कुणाचंच बोलणं अशुद्ध नसतं. 'हाय-न्हाय' बोलणाऱ्या माणसाचंही व्याकरण असतं आणि तो ते काटेकोर पाळतो; त्याचं बोलणं शाळा-कचेऱ्यांत पोचलं नाही, एवढंच. शाळेत 'न्हाय' म्हटल्याबद्दल मला बाकावर उभं केलं होतं. त्यामुळे तो तास मी जवळजवळ सगळा वहीत उतरवून घेतला होता. हे सगळं मला पटलं होतं. पटलं असूनही मी जे केलं ते केलं, हे ध्यानात ठेव.

मॅडमनी प्रकल्प दिला. प्रमाण मराठी न बोलणाऱ्या एका माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि वर्गात ऐकवून त्यावर बोलायचं. मी आईला बसवलं. फोन समोर ठेवला आणि कॉलेजातल्या मराठीत विचारलं, "तुमच्या लग्नाची एखादी आठवण सांगाल का?"

आईनं पदर सारखा केला. "आमचे लग्न गावी झाले आहे," ती म्हणाली. मग फोनकडे बघत हळूच, "का गं, ब्यांकेतल्या बाईवानी का बोलतीस?"

मला फार नवल वाटलं. मी जशी विचारत होते तशीच ती उत्तर देत होती! म्हणजे तिचं खरं बोलणं हवं असेल तर आधी मला माझं बोलायला लागणार होतं. मी मांडी घालून बसले. "आये, त्या शेळीचं सांग की." आणि ती सुटलीच.

"लग्नाच्या दिशी तुज्या आज्ज्यानं फेटा काडून खाटंवर ठिवला. म्हटलं, ऱ्हाऊदे, कोन न्हेतंय? बघतुय तर निम्मा फेटा शेळीच्या तोंडात! आज्जा बोंबलतुय, धरा तिला, धरा! आन् धरनार कोन? समदी वराडी हसत्यात की!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की ध्वनिमुद्रण थांबवायचंही राहून गेलं.

नंतर मी त्यातून माझा आवाज कापून टाकला. प्रश्न आणि हसणं, दोन्ही. माझ्या तोंडचं 'आये' आणि 'सांग की' वर्गाला ऐकवायचं नव्हतं. राहिला फक्त आईचा आवाज. ती एकटीच भिंतीशी बोलत बसल्यासारखी वाटत होती.

वर्गात ते लावलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी हाच विचार करते आहे — ते हसू शेळीला होतं की आईच्या बोलण्याला? काही जण नक्की शेळीला हसले. पण मागच्या बाकावरून कुणीतरी "समदी वराडी" असं नाक दाबून म्हणालं, आणि त्यावर वर्गाला पुन्हा हसू आलं. मीही हसले. हो, मीही.

मॅडम मात्र खूश झाल्या होत्या. किती सुंदर सांगतात, म्हणाल्या. या कोण आहेत?

आमच्या मोहोळकडच्या एक बाई आहेत, मी म्हणाले.

त्यांना वर्गात आणता येईल का? मुलं प्रश्न विचारतील, आपण त्यांचा छोटासा सत्कार करू.

मला दिसलं — आई फळ्याजवळच्या खुर्चीत बसली आहे, आणि मागचा बाक तिच्याकडे बघतो आहे. गावी गेल्या आहेत असं सांगता आलं असतं. आजारी आहेत म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून आलं, "त्या वारल्या, मॅडम."

तेच ते. माझी जिवंत आई मी वर्गात मारून टाकली.

मॅडमनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. वर्गानं एक मिनिट शांतता पाळली. नाक दाबणारा मुलगासुद्धा मान खाली घालून उभा होता. मीही उभी राहिले. त्या मिनिटात मी काय विचार करत होते सांगू? मी विचार करत होते की आता 'आहेत' म्हणून चालणार नाही, 'होत्या' म्हणायला हवं. तेव्हा ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

संध्याकाळी आईनं विचारलं, "हसली का पोरं शेळीला?" मी म्हटलं, सगळे हसले. ती दिवसभराचा शीण विसरली. पुढे मधूनमधून विचारायची, "मला न्हेतीस का एकदा कालेजात? तू कुटं बसतीस ते तरी बघू दे." मी परीक्षेचं सांगायचे. नंतर तिनं विचारणं सोडलं.

मी त्याच विभागात एम.ए.ला आले. मॅडम दर वर्षी नव्या वर्गाला ते बोलणं ऐकवतात. या बाई आता नाहीत, म्हणतात, आणि असं बोलणारी माणसंही राहणार नाहीत. मी ते ऐकते आणि घरी येते, आणि घरी आई म्हणते, "हात धू, वाडलंय."

यंदा पावसाळ्यात मला विभागातच चक्कर आली. अंगात ताप होता. मॅडमनी माझ्या फोनवरून कारखान्यात निरोप दिला आणि आई तिथून तशीच निघून आली. दारात ती दिसली, केसांत टॉवेलांचे धागे अडकलेले. आता ती तोंड उघडेल. मॅडमना तो आवाज पाठ आहे.

आई म्हणाली, "नमस्कार मॅडम. मी हिची आई. आता कशी आहे ती?"

'आहे' म्हणाली. शब्द न् शब्द सावकाश, जड सामान उचलून ठेवावं तसा.

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. गाव विचारलं. मोहोळजवळ, असं कळल्यावर त्यांनी जरा निरखून पाहिलं. मग हसून म्हणाल्या, "तिकडचं बोलणं तुमच्यात अजिबात राहिलं नाही हो."

"नाही मॅडम," आई म्हणाली. "आता आम्ही शहरात राहतो ना."

मला हायसं वाटलं. तुला खरं तर हेच सांगायचं होतं. त्या क्षणी मला लाज नाही वाटली. मी सुटले असं वाटलं.

रिक्षात बसल्यावर आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती तिच्या आवाजात बोलली. "नीट बोलले का गं? चुकलं न्हाय न्हवं कुटं? कवापास्नं घोकत हुते. म्हनलं, कवातरी ही न्हेईल आपल्याला, तवा हिला खाली बघाया नगं."

मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं तिला वाटू दिलं.

मी मॅडमना काही सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सोमवारी मॅडम नव्या वर्गाला ते बोलणं ऐकवणार आहेत. स्पीकर जोडायचं काम माझ्याकडे आहे.