काल विटाळ, आज देवी

बायबलबाई प्रार्थनेला बसल्या तरी भांडायला बसल्यासारख्या दिसत. पदर खोचलेला, मान ताठ. गावोगाव जाऊन बायबल वाचून दाखवायच्या, म्हणून हे नाव. घर गावकुसाबाहेर; बाप्तिस्मा झाला तरी गावाच्या लेखी त्या तिथल्याच.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "देव माझ्यात राहाया आला, म्हून मी घर सोडून जाऊ का? त्यो बी हाय, मी बी हाय."

बहात्तरच्या दुष्काळात देवणीकडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. त्या मजूर, मी हजेरी कारकून. पाण्याचे रांजण दोन, एक गावाचा, एक वस्तीचा. ती व्यवस्था माझीच. एका दुपारी मुक्ताबाई, चांगल्या बागायतदाराघरची सून, ऊन लागून कोसळली. बायबलबाईंनी जवळच्या, म्हणजे गावाच्या रांजणात तांब्या बुडवला. मी ओरडलो, "थांबा! दुसरं कुणी देईल."

"ज्या हातात देव राहाया आला, त्यो हात तुमच्या रांजणाला चालंना व्हय?"

"म्हंजे तू देव झालीस का?" कुणीतरी हसलं.

"न्हाई. माणूसच हाय. तेवढं तरी दिसू द्या की!" म्हणत त्यांनी तांब्या मुक्ताबाईच्या तोंडाला लावला. ती वाचली. आणि मी? संध्याकाळी तो रांजण मातीत ओतून घासून घेतला. त्या दुष्काळात! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गोष्ट तालुक्याच्या चर्चच्या पाळकांच्या कानावर गेली. रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर बाईंना उभं केलं. "मनुष्य म्हणजे पापी माती. माझ्या हातात देव राहतो म्हणणं हा गर्व आहे. माफी मागा."

"देव माणूस झाला, हे तुमीच शिकवलं. कशापायी झाला मग? आमाला लांबून बघाया?"

बाईंनी माफी मागितली नाही. त्यांचं वाचनाचं काम गेलं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. मुक्ताबाई नारळ घेऊन पाया पडायला गेली. "तुमी आमची देवीच!"

बाईंनी पाय ओढून घेतले. "काल विटाळ, आज देवी! मधी एक दिस माणूस म्हून बघा की गं!" आणि चुलीवरचा चहा तिच्यापुढं केला. तेव्हा मुक्ताबाईला नेमका चहाही न चालणारा उपास आठवला.

लातूर वेगळा जिल्हा झाला, आणि माझी बदली तिथल्या एका कचेरीत झाली. एक दिवस बाई आल्या. केस पांढरे, आवाज तसाच. गावाला आणि वस्तीला मिळून एकच हौद हवा होता. "लिवा, कारकूनसायेब. चांगल्या अक्षरात लिवा." मी लिहिलं, त्यांनी सही केली.

हौद झाला नाही. बाई गेल्या. मातीला जायला मला रजासुद्धा मिळाली नाही. महिन्याभरानं कागद टेबलावर आला. त्यावर शेरा होता : 'अर्जदार मयत. प्रकरण बंद.' जणू वस्तीची तहानही त्यांच्याबरोबर पुरली होती!

मी तोच अर्ज शब्दन् शब्द पुन्हा लिहिला आणि खाली माझी सही केली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर त्या गावचेही नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण अर्जदार जिवंत आहे."